थेट निवडलेला अध्यक्ष आणला तर फोडाफोडी थांबेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात पक्ष फुटले, मधल्या मध्ये सरकार बदललं. त्यापेक्षा अमेरिकेसारखा प्रमुख थेट जनतेतून निवडला तर हा घोडेबाजार थांबेल का, आणि जगात कुणाची पद्धत सगळ्यात चांगली?

घोडेबाजार थांबेल. आमदार-खासदार फोडून खुर्ची मिळणारच नसेल तर त्यांना फोडायला पैसे कोण घालवील? पण त्याच्या जागी जे येतं ते बघायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत ते आम्ही पुरतं अनुभवलंय.

मी परभणी जिल्ह्यातला. आमच्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत एक टर्म सदस्य होतो. पूर्वी सदस्य सरपंच निवडायचे, म्हणजे निवडीच्या आधी सदस्य तिरुपतीला नाहीतर गोव्याला 'सहलीला' जायचे आणि मतदानाच्या सकाळी गाडीतून थेट पंचायतीच्या दारात उतरायचे. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि सरपंच थेट गावानं निवडायचा असं ठरलं. २०२० मध्ये नव्या सरकारनं ते रद्द केलं, २०२२ मध्ये त्याच्या पुढच्या सरकारनं परत आणलं. (ज्याला जी पद्धत सोयीची ती लोकशाहीची खरी पद्धत, हे आपल्याकडं सगळ्याच पक्षांचं एकमतानं ठरलेलं आहे.)

आमच्या गावात झालं काय, सरपंच एका पॅनलचा आला आणि नऊपैकी सहा सदस्य आमच्या पॅनलचे. सहली बंद झाल्या, खरंय. थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणताच येत नाही. त्यानंतर आणायचा तर तीन-चतुर्थांश सदस्य पाहिजेत, आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब. म्हणजे सरपंच पक्का. पण आराखडा मंजूर करायला बहुमत लागतं, आणि बहुमत आमचं. त्याला त्याच्या गल्लीत सिमेंट रस्ता पाहिजे होता, आम्हाला वस्तीपर्यंत पाइपलाइन. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे खात्यावर आलेले. ते काढायला दोन डोंगल (डिजिटल सहीच्या किल्ल्या) लागतात, एक ग्रामसेवकाचं, एक सरपंचाचं. मासिक सभेत आम्ही रस्ता नामंजूर करायचो, पाइपलाइनचा ठराव करायचो आणि सरपंच डोंगल खिशात घालून निघून जायचा. ग्रामसेवक बिचारा म्हणायचा, "तुम्ही ठराव करायलात तर ते सही करीनात, ते सही करतो म्हणतेत तर तुम्ही ठराव करीनात. मी काय करू सांगा." उन्हाळा आला, टँकर सुरू झाला, पैसे खात्यावरच.

सरपंचालाही गावानं निवडलं होतं आणि आम्हालाही. दोघांकडं कौल, कुणी कुणाला हलवू शकत नाही. त्यामुळं मी आता कुठल्याही देशाच्या राज्यपद्धतीकडं बघताना प्रमुख कसा निवडतात हे शेवटी विचारतो. आधी विचारतो, पैशावरून भांडण जुंपलं की पुढं काय होतं?

अमेरिकेत कचेऱ्या बंद पडतात. २०१८ च्या डिसेंबरात ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर पाहिजे होते, काँग्रेस (तिथली संसद) देईना. २२ डिसेंबरपासून २५ जानेवारी २०१९ पर्यंत, ३५ दिवस, सरकारचा मोठा भाग ठप्प झाला. सुमारे आठ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. कुणी घरी बसलं, कुणी बिनपगारी ड्यूटी केली. विमानतळावर तपासणी करणारे बिनपगारीच उभे होते. शेवटी विमानांची वाहतूक नियंत्रित करणारे कमी पडायला लागले, न्यूयॉर्कची विमानं रखडली, तेव्हा सुटका झाली. या सगळ्यात खुर्ची कुणाचीच गेली नाही. २०२५ मध्ये तर अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाची असून ४३ दिवस बंद राहिलं, कारण सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, असं विधेयक पुढं न्यायला शंभरात साठ मतं लागतात.

आणि अध्यक्षाला काढायचं म्हटलं तर महाभियोग. तो चालवून सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं मिळवायची. १८६८ पासून चार खटले झाले, त्यातले दोन ट्रम्प यांच्यावरचेच. एकही अध्यक्ष त्या मार्गानं गेलेला नाही. निक्सन यांनी १९७४ मध्ये ती वेळ यायच्या आधीच राजीनामा दिला.

थेट अध्यक्षाची याहून वाईट रात्र दक्षिण कोरियानं बघितली. अध्यक्ष यून जनतेतून निवडून आलेले, संसदेत बहुमत विरोधकांचं. संसद अर्थसंकल्पाला कात्री लावते, अधिकाऱ्यांवर महाभियोग आणते, या तक्रारी पुढं करून त्यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला. सैनिक संसदेच्या इमारतीत शिरले. काही खासदार कुंपणावरून उड्या मारून आत पोचले आणि मध्यरात्रीनंतर हजर असलेल्या १९० जणांनी एकमुखानं मार्शल लॉ उठवायचा ठराव केला. पुढं महाभियोग झाला आणि ४ एप्रिल २०२५ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं यून यांना पदावरून काढलं. देश सावरला, पण भांडण मुळात बजेटवरून पेटलेलं आणि संपलं बंदुका संसदेत शिरून.

आता ब्रिटनचं बघा. लिझ ट्रस यांच्या सरकारनं २३ सप्टेंबर २०२२ ला मोठ्या करकपातीचं 'मिनी बजेट' मांडलं. पौंड घसरला, बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं, आणि २० ऑक्टोबरला ट्रस यांचा राजीनामा. त्यांना विरोधकांनी नाही, त्यांच्याच खासदारांनी घालवलं. किती पटकन! पण यात जनतेला कुणीच विचारलं नाही, हेही खरं. ट्रस यांना पक्षाच्या पावणेदोन लाखांच्या आसपास सदस्यांतून निवडलेलं, आणि त्यांच्या जागी आलेले सुनक तर पक्षातल्या मतदानाशिवायच बिनविरोध आले.

मला स्वतःला सगळ्यात जास्त जर्मनी पटतो. हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात सरकारं पाडायला सगळे एकत्र यायचे, चालवायला कुणीच यायचं नाही. त्यातून धडा घेऊन त्यांनी १९४९ च्या घटनेत नियम केला: चॅन्सलरला (तिथल्या पंतप्रधानाला) पाडायचं असेल तर त्याच ठरावात नव्या चॅन्सलरचं नाव घाला आणि त्याला बहुमत द्या. नुसतं पाडणं चालणार नाही. केंद्रात हे एकदाच साधलंय, १ ऑक्टोबर १९८२ ला श्मिट गेले आणि त्याच मतदानानं कोल आले. आणि जिथं पर्यायी बहुमतही नाही तिथं? नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सलर शोल्झ यांनी बजेटच्या वादावरूनच आपल्या अर्थमंत्र्याला काढलं, आघाडी मोडली. १६ डिसेंबरला शोल्झ यांनी स्वतःच विश्वासमत मागितलं, ते हरले आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला निवडणूक झाली. ना कचेऱ्या बंद, ना हॉटेलातले आमदार.

फ्रान्स दोन्हीची भेसळ आहे: थेट निवडलेला अध्यक्ष, आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान. परिणाम असा की बजेटवरून डिसेंबर २०२४ मध्ये बार्निए गेले, सप्टेंबर २०२५ मध्ये बायरू गेले, आणि मॅक्रॉं तिथंच. चीनमध्ये दरवर्षी मार्चमध्ये जवळपास तीन हजार प्रतिनिधी बीजिंगमध्ये बसतात आणि बजेट मंजूर होतं. तिथल्या संसदेच्या, म्हणजे राष्ट्रीय लोक काँग्रेसच्या, या पूर्ण अधिवेशनानं सरकारचं विधेयक आजवर एकदाही फेटाळलेलं नाही. फोडाफोडी शून्य. असं शांत सरकार मराठवाड्यातल्या आमच्या आज्या-पणज्यांनी निजामाच्या फर्मानाखाली बघितलंय, त्यामुळं त्याचं कौतुक इकडं कुणाला सांगू नये.

"मग पंतप्रधानच थेट निवडू, बाकी संसद तशीच ठेवू" असंही काही जण सुचवतात. हा प्रयोग इस्रायलनं करून बघितलाय. १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये तिथं पंतप्रधान थेट निवडला. पंतप्रधानासाठी वेगळं मत मिळतंय म्हटल्यावर लोकांनी संसदेसाठी आपापल्या छोट्या पक्षांना मतं दिली, मोठे पक्ष आकसले, आणि थेट निवडलेल्या पंतप्रधानाला बहुमतासाठी आधीपेक्षा जास्त दारं ठोठवावी लागली. २००१ मध्येच त्यांनी तो कायदा रद्द केला. थेट सरपंचाचा कायदा आणताना कुणी इस्रायलचं नाव काढलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता आपलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना हा प्रश्न सरळ घेतला होता. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकी पद्धत जास्त स्थैर्य देते, संसदीय पद्धत जास्त जबाबदारी देते. तिथं सरकारची झडती निवडणुकीपुरती नसते, रोज होते: प्रश्नोत्तरं, ठराव, अविश्वास. म्हणून मसुद्यानं जबाबदारीला वरचं स्थान दिलं.

ती रोजची झडती आज कुठं आहे? २०१८ मध्ये आणि परत २०२३ मध्ये लोकसभेनं गोंधळात चर्चेविना बजेट मंजूर केलं. याला संसदेत 'गिलोटिन' म्हणतात, खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या सगळ्या मागण्या एकदमच मताला टाकायच्या. चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९३ मध्ये खात्यांनुसार स्थायी समित्या सुरू झाल्या. प्रत्येक खात्याच्या मागण्या तिथं बारकाईनं तपासल्या जातात, अहवाल येतो. लातूर जिल्ह्यातल्या माणसाच्या कारकिर्दीतलं हे काम आपल्याकडंच फारसं कुणाला माहीत नाही. पण समितीनं कितीही नोंदी केल्या तरी सभागृहात मत व्हिपनंच, म्हणजे पक्षाच्या आदेशानंच, पडतं.

खरी गोम इथं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं, म्हणजे दहाव्या परिशिष्टानं, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं की सदस्यत्व जाऊ शकतं, मग विषय बजेटचा असो की एखाद्या साध्या विधेयकाचा. अमेरिकेत २८ जुलै २०१७ च्या पहाटे जॉन मॅकेन यांनी भर सभागृहात अंगठा खाली करून स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विधेयक ४९ विरुद्ध ५१ नं पाडलं आणि सिनेटर म्हणून ते तसेच राहिले. ब्रिटनमध्ये २०१९ ला २१ खासदारांना पक्षानं बाहेर काढलं, पण खासदारकी कुणाची गेली नाही. आपल्याकडं एकट्यानं प्रामाणिकपणे विरोध केला तर आमदारकी धोक्यात, आणि दोन-तृतीयांश जण मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर ती वाचते. किरकोळ बंद, ठोक चालू!

तेव्हा अध्यक्षीय पद्धतीच्या आधी मी दोन गोष्टी मागेन. एक, अविश्वासाचा जर्मन नियम: पाडणाऱ्यानं त्याच ठरावात पुढचा मुख्यमंत्री सांगावा. सुरत-गुवाहाटी यानं पूर्ण बंद होणार नाही, पण कोण कशासाठी निघालंय ते पहिल्या दिवशी उघड होईल. दुसरी, व्हिपची सक्ती फक्त विश्वास-अविश्वासाच्या मतापुरती ठेवावी, याच धर्तीची सूचना निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच केली होती. मग मराठवाड्याचे आठ खासदार किंवा ४६ आमदार, पक्ष कुठलाही असो, सिंचनाच्या एखाद्या मागणीवर स्वतःच्या सरकारविरुद्ध हात वर करू शकतील आणि तरी सरकार पडणार नाही. आज त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही याबद्दल विचारलंत, तर बहुतेक जण खासगीत हो म्हणतील आणि नाव छापू नका म्हणतील.