कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहे, पुढे इन्चार्ज व्हायचंय. एमबीए करावं का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालंय, सहा वर्षं कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स आहात, तुमच्या इन्चार्ज सिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि मेट्रन मॅडमनी तुमचं नाव घेतलंय. घरचे म्हणतायत, हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए करून घे, म्हणजे वॉर्ड चालवता येईल आणि पगारही वाढेल. फी भरण्याआधी इथे विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

आत्ता ती फी भरू नका. माझी सगळी नोकरी कॅन्सरच्या पेशंटमध्ये गेली. स्टाफ नर्स होते, इन्चार्ज झाले, आता नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना केमो द्यायला शिकवते. ड्यूटी लावणं, इंडेंट, म्हणजे औषध-सामानाची मागणी, भरणं, लिननचा हिशेब, रजांचा घोळ निस्तरणं ही कामं तुमच्या आत्ताच्या इन्चार्जच्या हाताखाली काही महिन्यांत अंगवळणी पडतात. कॅन्सर वॉर्डात इन्चार्जचा शब्द चालतो, तो तिला औषध कळतं म्हणून. आणि वेळ आली तर ती आपल्या पाठीशी उभी राहील, अशी स्टाफची खात्री असते म्हणून.

एक प्रसंग सांगते. डे-केअरमध्ये सकाळची गर्दी, सगळ्या खुर्च्या भरलेल्या, बाहेर नातेवाईक ताटकळलेले. ब्रेस्ट कॅन्सरच्या एका बाईंची केमोची चौथी सायकल, म्हणजे चौथी फेरी होती, अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं. नवीन लागलेल्या एका मुलीकडे ती पेशंट होती. तिने केसपेपर बघितला, वजन 58 किलो लिहिलेलं. मग तिचं लक्ष बाईंच्या हाताकडे गेलं. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. तिने त्यांना काट्यावर उभं केलं तर वजन 51. पहिल्या सायकलला लिहिलेलं वजनच दर वेळी पुढे उतरवलं जात होतं. वजनात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला की डोस पुन्हा काढायचा असतो. ती मुलगी रजिस्ट्रार डॉक्टरांसमोर जाऊन म्हणाली, "सर, वजन बदललंय. डोस परत काढून द्या, तोवर मी औषध लावत नाही." सर वैतागले, "इतके पेशंट खोळंबलेत आणि तुम्ही..." तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर हातातलं काम ठेवून उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "बरोबर बोलतेय ती. थांबू या," एवढंच म्हणाल्या. डोस कमी झाला, अर्ध्या तासाने सलाइन चालू झालं. दुपारी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना त्यांनी ही गोष्ट सगळ्यांसमोर, त्या मुलीचं नाव घेऊन सांगितली. त्यानंतर त्या युनिटमध्ये दर सायकलला वजन केल्याशिवाय कोणी केमोला हात लावला नाही.

लोक ज्याला लीडरशिप म्हणतात, ती माझ्या लेखी ही. तुमच्या वॉर्डातली सगळ्यात ज्युनिअर मुलगी सीनिअर डॉक्टरला "थांबा" म्हणू शकते का? म्हणाली, तर तिला त्या दिवशी घरी जाऊन रडावं लागतं, की दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेने ड्यूटीवर येते? हे इन्चार्ज ठरवते. आपल्या औषधांमध्ये याचं मोल जिवाएवढं आहे. व्हिनक्रिस्टीनचंच घ्या. शिरेतून दिलं तर केमोचं नेहमीचं औषध, चुकून पाठीच्या मणक्यातून गेलं तर पेशंट जवळजवळ कधीच वाचत नाही. जगभर असे मृत्यू झाले, तेव्हा 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा काढला की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत घालून द्या, म्हणजे ते मणक्याच्या सुईला जोडलंच जाणार नाही. तुमच्या वॉर्डात ते आजही सिरिंजमध्ये येत असेल, तर इन्चार्ज म्हणून तुमचं पहिलं पत्र फार्मसीला गेलं पाहिजे. मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे केमोचं दुसरं औषध द्यायचं असेल त्या वेळी व्हिनक्रिस्टीन त्या खोलीत असताच कामा नये, हा नियमही तुम्हीच घालायचा. औषध शिरेबाहेर गेलं तर अ‍ॅड्रियामायसिनला थंड शेक आणि व्हिनक्रिस्टीनला गरम, हे रात्री तीन वाजता एकट्या असलेल्या ब्रदरला न विचारता आठवलं पाहिजे. म्हणून तो कागद ट्रॉलीवर चिकटवलेला हवा आणि किट भरलेलं हवं. मॅनेजमेंटच्या वर्गात हे कोणी शिकवणार नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इन्चार्ज होण्याची वाट बघू नका. आजच एक प्रश्न आपला म्हणून हातात घ्या आणि त्याच्या नोंदी ठेवायला लागा.

मी तापाचा प्रश्न धरला होता. केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट पडलेल्या पेशंटला 100.4 फॅरेनहाइटच्या वर ताप आला, की हॉस्पिटलमध्ये आल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण पेशंट रात्री कॅज्युअल्टीत यायचे आणि सकाळी वॉर्डात पोचायचे तेव्हा बीपी खाली गेलेलं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. डॉक्टर म्हणायचे सिस्टरने उशीर केला, सिस्टर म्हणायच्या ऑर्डर उशिरा आली. मी एक साधं दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि रेघा मारून रकाने पाडले: आल्याची वेळ, ताप मोजल्याची वेळ, ऑर्डरची वेळ, ब्लड कल्चरची (जंतू शोधायला रक्त घेतल्याची) वेळ, पहिल्या डोसची वेळ. नाइटच्या सिस्टर्सना विनवलं की बाकी काही लिहू नका, फक्त घड्याळ बघून वेळ टाका. काही आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. डॉक्टर वेळेवर होते, सिस्टरही वेळेवर होत्या. वेळ जात होता ऑर्डर आणि डोस या दोन रकान्यांच्या मध्ये. त्या वेळात नातेवाईक चिठ्ठी घेऊन औषधाच्या काउंटरवर रांगेत उभे असायचे, कधी पैसे कमी पडायचे, कधी गावाहून आलेल्या एकट्या म्हाताऱ्याला दुकान कुठल्या मजल्यावर आहे हेच सापडायचं नाही.

ते रजिस्टर घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. तक्रार केली नाही, पानं दाखवली. पहिला डोस कॅज्युअल्टीच्या कपाटात ठेवायचा, आधी द्यायचा, बिल नंतर करायचं आणि कपाट दुसऱ्या दिवशी फार्मसीने भरून द्यायचं, असं ठरलं. कल्चर काढून पहिला डोस देण्यासाठी सिस्टर्सना सहीनिशी कायम ऑर्डर मिळाली. वेळा खाली आल्या, हे त्याच रजिस्टरमध्ये दिसलं. पुढे कुठलीही गोष्ट मागायला गेले तरी माझं ऐकून घेतलं जायचं, कारण मी नोंदी घेऊन यायची हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

तुमच्या वॉर्डात ताप हा प्रश्न नसेलही. तोंड आल्यामुळे जेवण बंद झालेले पेशंट असतील, पिक लाइनला, म्हणजे दंडाच्या शिरेतून घातलेल्या लांब नळीला, इन्फेक्शन होत असेल, दुखण्याची नोंदच होत नसेल. एकच धरा आणि पुरता तडीला न्या.

आता कोर्सेसचं. कॅन्सर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, एक वर्षाचा, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमाप्रमाणे. जीएनएमवर करता येतो. तुमच्या जागी मी असते तर आधी हाच केला असता. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी मिळाला तर सोनं. ते हॉस्पिटल 1941 पासून कॅन्सरचंच काम करतंय आणि तिथे वर्षभरात रेडिएशन, सर्जरी, बोन मॅरो, लहान मुलांचा वॉर्ड असं सगळं डोळ्यांखालून जातं. त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आणि पुढे एमएस्सी, हा रस्ता शिकवायचं असेल किंवा मेट्रनपर्यंत जायचं असेल तर लागतोच. एमबीएचा विचार तुम्ही असिस्टंट मेट्रन झाल्यावर करा. तेव्हा बजेट आणि भरती तुमच्या टेबलावर येईल आणि शिकलेलं वापरायला मिळेल.

अमेरिकेच्या ओसीएन, म्हणजे कॅन्सर नर्सच्या सर्टिफिकेटच्या, परीक्षेच्या तयारीचे क्लास घेणारे लोक तुम्हाला मेसेज करतील. त्या परीक्षेला बसायला तिकडचं नर्सिंग रजिस्ट्रेशन लागतं, हे आधी विचारून घ्या. तिकडे जायचं पक्कं नसेल तर तो खर्च आत्ता नको.

आणखी एक: पुढे जाणं म्हणजे इन्चार्जच होणं, असं काही नाही. काही जणींचा जीव पेशंटपासून लांब गेला की कोमेजतो. त्यांच्यासाठी स्टोमा केअर आहे, पिक लाइन आणि केमोपोर्टचं काम आहे, इन्फेक्शन कंट्रोल आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे, क्लिनिकल ट्रायल्स आहेत, पॅलिएटिव्ह होम केअर आहे. स्टोमाच्या सिस्टर मी जवळून बघितल्यात. पोटावर पिशवी आली म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलेला माणूस त्यांच्या दोन भेटींनंतर पुन्हा शेतावर जायला लागतो. सर्जनही पिशवीची जागा आखायला त्यांनाच बोलावतात. या बाईंच्या हाताखाली एकही माणूस नसतो, पण त्यांचा शब्द सगळं हॉस्पिटल ऐकतं.

हॉस्पिटलबाहेरही नर्सचं काम किती मोठं असू शकतं, याचं एक उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वेळी सांगते. तामिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या नर्सेसनी केली, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून, उघड्या डोळ्यांनी. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले: या कॅन्सरने होणारे मृत्यू 35 टक्क्यांनी कमी. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने हीच तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून केली, तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2022 च्या अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला 14 लाखांहून जास्त नवे कॅन्सर पेशंट सापडतात. हा भार एकट्या डॉक्टरांच्या खांद्यावर पेलणारा नाही, तो आपल्यालाही उचलायचाय.

इन्चार्ज झालातच, तर स्टाफची काळजी कशी घ्याल, हे आत्तापासून मनात ठरवून ठेवा. गरोदर मुलीने सांगितल्या दिवसापासून तिला केमो हाताळण्यातून बाहेर काढा, अंगावर पाजणारीलाही. ड्यूटी अ‍ॅडजस्ट होत नाही हे कारण चालवून घेऊ नका. गाऊन आणि दुहेरी ग्लोव्हज उन्हाळ्यात नको होतात, तरी तुम्ही स्वतः घातलेत तरच बाकीचे घालतील. वॉर्डातल्या मावशी आणि मामांना (आया आणि वॉर्डबॉयना) केमोच्या पेशंटचं युरिन, उलटी, चादरी कशा हाताळायच्या ते तुम्ही स्वतः शिकवा. त्यांना कोणीच शिकवत नाही आणि सगळ्यात जास्त हात त्यांचेच लागतात. आणि लहान मुलांच्या वॉर्डात एखादं लेकरू गेलं, की त्या दिवशी ज्या सिस्टरने त्याला शेवटचं पुसून दिलं, तिला लगेच पुढच्या अ‍ॅडमिशनला पाठवू नका. चहा पाजा, बसू द्या, बोलायचं असेल तर बोलू द्या. आपल्याकडे "सवय होते" म्हणून हे झटकून टाकतात. सवय होत नाही. चांगल्या मुली दोन-तीन वर्षांत नोकरी सोडून जातात, त्यातल्या कितीतरी याच कारणाने जातात असं माझं ठाम मत आहे.

मेट्रन मॅडमना भेटाल तेव्हा लेखी अर्ज घेऊन जा. त्यात दोनच गोष्टी मागा. पहिली, पुढच्या सहा महिन्यांत आठवड्यातून एक दिवस इन्चार्ज सिस्टरबरोबर जनरल ड्यूटी, म्हणजे राउंड, इंडेंट, डॉक्टरांबरोबरच्या मीटिंगा सगळं जवळून बघता येईल. दुसरी, डिप्लोमासाठी पगारी स्टडी लीव्ह. लीव्ह मंजूर झाली तर बाँड लिहून घेतील. तो किती वर्षांचा आहे आणि मोडला तर किती पैसे भरावे लागतील, हे घरी नेऊन शांतपणे वाचा आणि मगच सही करा. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते याच महिन्यात करून टाका, नाहीतर डिप्लोमाचा फॉर्म तिथेच अडतो.