बेळगावला चक्रीवादळाचा धोका आहे का?

थेट धोका जवळजवळ नाहीच. चक्रीवादळ जगतं कोमट समुद्रावर, साधारण २६-२७ अंशांच्या वरच्या पाण्यावर. जमिनीवर आलं की त्याचं खाणंच तुटतं, त्यात आपल्यापुढं सह्याद्री उभा. मे २०२१ चं तौक्ते बघा: किनाऱ्याकडेनं वर सरकत १७ तारखेच्या रात्री दीवजवळ धडकलं.

आपल्याकडं खरी भीती वळवाची! दुपारभर उकडतं, चारला आभाळ काळं होतं आणि दहा मिनिटांत गोठ्याचे पत्रे शेजारच्या उसात. खानापूरकडच्या आमच्या मामांनी पत्र्यांवर दगड ठेवले होते, दगडांसकट उडाले. (मामी आधीच म्हणाली होती.) त्यापेक्षा जे-हूक (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट) मारून पत्रे आवळून घ्या, आणि विजा कडाडताना काजूच्या झाडाखाली थांबू नका.