बेल बाँडचा धंदा : सही कोणाची घ्यायची?

प्रश्न : ताई, मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. वय ३६, अमेरिकन नागरिक. गोदामातली सुपरवायझरची नोकरी गेली. मित्र म्हणतो, बेल बाँड एजंट हो, म्हणजे फी घेऊन आरोपीच्या जामिनाची हमी कोर्टाला द्यायची. प्रत्येक जामिनामागे १० टक्के मिळतात, भांडवल लागत नाही. साताऱ्याहून आई म्हणते, "चोरांना सोडवून पोट भरणार का?" कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी आईंचं बघू. त्यांच्या डोळ्यांसमोर कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे बोगस जामीनदार असणार. भारतात धंदा म्हणून जामीन राहायचा परवाना नाही. उलट आणखी किती जणांना जामीन आहात, हे जामीनदाराला कोर्टात लिहून द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात हा इन्शुरन्स खात्याच्या लायसन्सवर चालणारा धंदा आहे. आणि चोर कोण ते खटल्यात ठरतं. माझ्या बेल बाँडच्या ऑफिसात रात्री दोनला येते ती आरोपीची बहीण नाहीतर बायको, आणि तिला पहिल्यांदा पाणी द्यावं लागतं.

मित्राचं गणित मात्र अर्धवट आहे. जामीन ५०,००० डॉलरचा असेल तर फी ५,०००. त्यातून बाँडमागे उभी असलेली इन्शुरन्स कंपनी आपला वाटा घेते, शिवाय तुमच्या नावाच्या राखीव फंडात पैसे वळते करते. उरतं त्यात भाडं, रात्रपाळी, फोन. बरीच कुटुंबं फी हप्त्यांनी देतात, म्हणजे वसुली आलीच.

आरोपी तारखेला आला नाही तर? नोटिशीनंतर १८० दिवस मिळतात, टपालाने आली तर ५ दिवस जास्त. तेवढ्यात तो कोर्टापुढे आला नाही तर पूर्ण ५०,००० भरायचे. कंपनी भरते आणि करारानुसार तुमच्याकडून वसूल करते. भांडवल लागत नाही म्हणतात ते हे!

म्हणून या धंद्यात कसब आहे ते हमी देणारा, म्हणजे आरोपी आला नाही तर पैसे मी देईन अशी आपल्याला सही देणारा माणूस, ओळखण्याचं. एका पोरासाठी त्याचा मामा सही करायला आला होता. टेकडीवर बंगला, पण भाच्याचा फोन नंबर त्याला पाठ नव्हता. आजी बेकरीत कामाला. तिला पोराची पाळी कधी सुटते, तो कोणाच्या गाडीतून फिरतो, सगळं ठाऊक. मी आजीची सही घेतली. तारखेच्या दिवशी पोराला हाताला धरून ती कोर्टात बसलेली असायची. पगाराची स्लिप मीही बघते, पण नंतर.

लायसन्स अवघड नाही : २० तासांचा कोर्स, परीक्षा, बोटांचे ठसे, १,००० डॉलरचा बाँड आणि कंपनीची नेमणूक. नियम पाळणं जास्त अवघड. तुरुंगात किंवा कोर्टाच्या आवारात गिऱ्हाईक गाठायचं नाही. वकिलाचं नाव सुचवायचं नाही. आपली माणसं हमखास विचारतात, "ताई, चांगला वकील सांगा ना!" नाही सांगता येत, राग आला तरी.

धंद्याच्या भवितव्याचाही विचार करा. न्यू जर्सीत २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ संपला, त्याबरोबर बेलची दुकानंही. आपल्याकडे असाच कायदा २०२० मध्ये मतदारांनी फेटाळला म्हणून आम्ही टिकलो. तरी लॉस एंजेलिस काउंटीत ऑक्टोबर २०२३ पासून बऱ्याच किरकोळ गुन्ह्यांत पैसे न भरता सुटका होते. छोटे जामीन आटतायत, मोठ्यांत जोखीम मोठी. माझ्या भाच्याला मी या धंद्यात आणणार नाही, पण तुम्हाला नको म्हणायचा मला अधिकार नाही.

करायचंच असेल तर स्वतःचं दुकान आत्ता नको. चालत्या ऑफिसात रात्रपाळी धरा. रात्रीच्या फोनबद्दल बायकोशी आधी बोला. घर कंपनीकडे तारण ठेवू नका. आणि मुलाखतीत एवढं विचारा : "बाँड बुडाला तर माझ्या खिशातून किती?" उत्तर लेखी द्यायला मालक कचरला तर चहा न पिता उठा.