सिंधूचे शब्द तोंडात बसवताना

फोंडा

प्रिय बाय,

जत्रेतल्या ‘एकच प्याला’त सिंधू करायचं कबूल केलंस आणि लगेच अवघड शब्दांची यादीही करून पाठवलीस. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. छान आहे, पण ती बाजूला ठेव. यादी घोकून परीक्षा देता येते, तालमीत ते शब्द ऐनवेळी दगा देतात. शब्द शिकायचा तो अख्ख्या वाक्यासकट, आणि कोण कुणाला कुठल्या प्रसंगी बोलतंय तेही धरून.

‘सनद’च बघ. आपल्या गोव्यात सनद म्हटली की जमिनीच्या रूपांतराचा कागद, घर बांधायच्या आधी काढावा लागतो तो. तू तोच अर्थ लिहिलायस! नाटकातली सनद वकिलीची, म्हणजे वकिली करायचा परवाना. सिंधूच्या नवऱ्याचं, सुधाकराचं, मुनसफाशी वाजतं, सनद काही काळापुरती जाते, आणि त्या अपमानाच्या रिकाम्या दिवसांत तळीराम त्याला पहिला प्याला पाजतो. सगळा घात तिथून सुरू होतो, म्हणून हा शब्द सिंधूलाही लागला पाहिजे. मुनसफ म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टातला न्यायाधीश, तोही ब्रिटिश मुलखातला. नाटक रंगमंचावर आलं १९१९ साली. तेव्हा आपल्यावर पोर्तुगिजांचा अंमल, कोर्टंही त्यांचीच. हा शब्द तुझ्या घरात कुणी वापरला नसेल, तर त्यात नवल नाही.

आता पदं. गद्य गडकऱ्यांचं असलं तरी पदं वि. सी. गुर्जरांची आहेत, त्यामुळे एकाच नाटकात तुला दोन हातांची भाषा पेलायची आहे. तुझ्या यादीतले निम्मे शब्द पदांतलेच दिसतात. तिथे कोश उघडण्याआधी अन्वय लाव, म्हणजे ओळीतले शब्द साध्या बोलण्याच्या क्रमाने मांड. ‘दहति बहु मना नाना कुशंका’ ही ओळ घे. कर्ता शेवटी बसलाय, कुशंका. ‘मना’ म्हणजे मनाला, ‘बहु’ म्हणजे फार, आणि ‘दहति’ म्हणजे जाळतात. नाना कुशंका मनाला फार जाळतात, झालं! ‘कशि या त्यजू पदाला’मध्ये ‘कशी’चा ‘कशि’ झाला तो चालीसाठी आणि मात्रेसाठी. त्याला वेगळा शब्द समजून कोशात शोधत बसू नकोस. अन्वय साध्या बोलण्यात म्हणता आला की मगच सूर धर. आपल्याकडच्या पोरांना चाल आधी येते (ते रक्तातच आहे), आणि मग जन्मभर अर्थाशिवाय गातात.

गद्यात सिंधू त्यामानाने सरळ, घरातलं बोलते. खरी कसरत सुधाकराची, त्याची लांबलचक वाक्यं दम काढतात. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात जड शब्द आले तर घाबरू नकोस. दारूबद्दल शास्त्रार्थाच्या थाटात बोलणं हीच तिथली गंमत आहे. प्रेक्षक हसतात ते त्या थाटाला.

तरीही अडलीस तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ मागून घे. मोबाइलवर पहिल्या झटक्यात मिळणारा अर्थ आजचा असतो, गडकऱ्यांच्या काळातला असेलच असं नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्तीही चाळ. अर्थ इंग्रजीत आहेत, पण जुन्या मराठीसाठी माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे. मात्र कोश उघडायच्या आधी अर्थाचा अदमास करून तो पेन्सिलीने संहितेतच लिही. चुकला तर खोडू नकोस, शेजारी बरोबर अर्थ लिही. पुढच्या वेळी नजर आपोआप तिथे थांबते. श्वास घ्यायच्या जागीही बारीक उभी रेघ मार.

रविवारी देवळात तालमीला येशील तेव्हा पद गाऊ नकोस, आधी त्याचा अन्वय बोलून दाखव. आपला पेटीवाला तसाही उशिराच उगवतो, तेवढ्या वेळात होऊन जाईल.

तुझा,
तालीममास्तर