स्ट्रायपर कोठून ऐकावा?
ख्रिस्ती रॉक नव्याने ऐकणाऱ्याने स्ट्रायपरपासून सुरुवात अवश्य करावी, मात्र या बँडने श्रद्धा विकली की नाही या चाहत्यांच्या वादावरून अल्बम निवडू नये. कॅलिफोर्नियातील या बँडचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ १९८६ साली आला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या पोशाखात श्रोत्यांकडे बायबलच्या प्रती भिरकावणारे हे चौघे एमटीव्हीवर झळकले आणि अमेरिकेत त्या अल्बमला दहा लाख प्रतींच्या विक्रीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. १९९० च्या ‘अगेन्स्ट द लॉ’मध्ये पट्टेही गेले आणि गीतांतला उघड धर्मप्रचारही, त्यामुळे बाजारासाठी श्रद्धा गहाण टाकल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. (गंमत अशी की, त्याआधी जिमी स्वॅगर्टसारखे धर्मोपदेशक बायबल भिरकावण्यावरूनच त्यांच्यावर तुटून पडले होते.) माझ्या मते गिटारच्या अंगाने ‘अगेन्स्ट द लॉ’ अधिक दमदार आहे. तुम्ही दोन्ही अल्बम गीतांचे शब्द समोर ठेवून लागोपाठ ऐका, गायक मायकल स्वीटचा तारसप्तकात चढणारा आवाज दोन्हींकडे कसा वापरला आहे ते पाहा आणि मगच आरोपात किती तथ्य आहे ते ठरवा. मधला, १९८८ चा ‘इन गॉड वी ट्रस्ट’ बराच गुळगुळीत आहे. तो सवडीने ऐकला तरी चालेल.