अपाचे हेलिकॉप्टर विरुद्ध मस्टँग विमान: समोरासमोर आले तर कोण जिंकेल?

अपाचेला मस्टँग वेळेत दिसलं, तर माझं मत अपाचेच्या बाजूने.

दुसऱ्या महायुद्धातलं पंख्याचं (प्रोपेलरचं) लढाऊ विमान पी-५१डी मस्टँग ताशी ७०० किमीच्या आसपास उडायचं. आजचं हल्ला करणारं हेलिकॉप्टर अपाचे ३०० च्या घरात. त्यामुळे लढायचं की निघून जायचं, हे मस्टँगच ठरवणार. पण त्याच्या सहा मशीनगन पंखात पक्क्या बसवलेल्या, म्हणजे नेम धरायला अख्खं विमान वळवावं लागतं. अपाचेची ३० मिमी तोफ मात्र वैमानिकाच्या हेल्मेटबरोबर फिरते, आणि हेलिकॉप्टर जागच्या जागी तोंड वळवू शकतं. सोबत स्टिंगर क्षेपणास्त्रं असतील तर मस्टँग जवळ येण्याआधीच विषय संपतो, कारण त्याच्याकडे उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायची काहीच सोय नाही.

तरी पंख्याच्या विमानाला कमी लेखू नका. २८ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या पुकारा या पंख्याच्या विमानाने गूज ग्रीनजवळ ब्रिटिशांचं स्काउट हेलिकॉप्टर पाडलं होतं. स्काउट हलकं होतं, जखमी सैनिकांना आणायला निघालं होतं. अपाचेलाही मस्टँगने वरून, मागून बेसावध गाठलं, तर त्याचंही तेच होईल.