लस नको म्हणणाऱ्यांशी बोलताना

प्रश्न : ‘आज लस द्यायची का?’ असं विचारलं की पालक घुटमळतात. न विचारता टोचणंही पटत नाही. (बालरोगतज्ज्ञ)

उत्तर : संमती हवीच, पण सुरुवात प्रश्नाने करू नका. ‘आज दहा आठवड्यांची पेंटा, पोलिओ आणि रोटा आहे’ एवढं सांगा आणि थांबा. (पेंटा म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकत्र लस, रोटा म्हणजे रोटा विषाणूच्या जुलाबांवरची.) शंका असेल तर पालक बोलतात. सिएटलमध्ये अशा भेटींचं चित्रीकरण करून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. असं थेट सांगितल्यावर २६ टक्के पालकांनी हरकत घेतली. ‘तुमचं काय ठरलंय?’ असं विचारल्यावर ८३ टक्के. हरकतीनंतरही डॉक्टर सल्ल्यावर टिकून राहिले, तेव्हा हरकत घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के राजी झाले. आपण बहुतेक जण पहिल्याच ‘नको’ला माघार घेतो.

प्रश्न : ‘मागच्या पेंटाला रात्रभर ताप होता, आता नको’ असं आई म्हणते. (वैद्यकीय अधिकारी)

उत्तर : ‘ताप येणारच’ म्हणालात की बोलणं तिथेच संपतं. किती ताप होता, किती वेळ, झटके आले का, तीन तासांहून जास्त सलग रडलं का, हे आधी विचारा. झटके किंवा असं रडणं असेल तर नीट तपासून मगच पुढच्या डोसचं ठरवा. नुसता एक-दोन दिवसांचा ताप मुख्यतः डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येतो.

मग औषध लिहून द्या, नुसतं तोंडी नको. पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ७५. म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे थेंब असतील तर ०.७५ मिलि, ५ मिलित १२५ असलेलं सिरप असेल तर ३ मिलि. घोळ इथेच होतो : सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपट डोस जातो. घरात कोणती बाटली आहे ते विचाराच. दोन डोसांत किमान सहा तास.

प्रश्न : गोवर-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो, असा मेसेज वडील दाखवतात.

उत्तर : या दाव्यामागचा १९९८चा वैद्यकीय लेख १२ मुलांवरचा होता, नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला. पण हे लगेच सांगू नका. आधी ‘यातलं नेमकं कशाने धास्ती वाटली?’ असं विचारा. उत्तर आपल्या शब्दांत परत म्हणा. ‘मला माहीत आहे ते सांगू का?’ असं विचारून दोनच वाक्यं बोला : ऑटिझमची लक्षणं साधारण दुसऱ्या वर्षात नजरेत येतात आणि दुसरा डोसही १६ ते २४ महिन्यांतच असतो, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. पुढे, ‘हे ऐकून काय वाटतं?’ पाच पुरावे एकदम मांडले की माणूस सहावी शंका शोधतो.

प्रश्न : सून तयार आहे, सासूबाई नको म्हणतात. (आशाताई)

उत्तर : सुनेकरवी निरोप धाडू नका, ती मधल्यामध्ये भरडली जाते. सासूबाईंशीच बोला, त्यांच्या वेळी घरात गोवर आला होता का ते विचारा. आज नाहीच म्हणाल्या तर कार्डावर पुढच्या सत्राची तारीख लिहून, कार्ड त्यांच्याच हातात द्या.